मखराचं सामान, क्राफ्ट स्टोअरची कुपनं आणि २५० डॉलरचं बजेट

शेवंतीवेणी
नमस्कार मंडळी, घाईतच विचारतेय, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. आम्ही गेल्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत आलो, एडिसनजवळ राहतो. इथे आमच्या छोट्याशा मंडळाचा गणपती असतो, यंदा (२०२५) २७ ऑगस्टला बसणार आणि सजावट माझ्याकडे आलीय, मी आनंदाने घेतली कारण माहेरी मखर दरवर्षी मीच करायचे. डोक्यात असं आहे की मागे वाड्याचा दिंडी दरवाजा, वर महिरप आणि दोन्ही बाजूंना लोकरीची तोरणं. बजेट २५० डॉलर. वर्गणी सगळ्यांनी प्रेमाने दिलीय, म्हणून एकही डॉलर उगाच जायला नकोय.

गेल्या शनिवारी एका मोठ्या क्राफ्ट स्टोअरला गेले. फोम बोर्ड, अॅक्रिलिक रंग, लोकरीचे सहा गुंडे, ग्लू गन, ब्रशचा सेट, कापडी फुलं, एवढंच घेतलं आणि बिल ११८ डॉलर! एका फेरीत अर्धं बजेट. रांगेत माझ्या मागे एक अमेरिकन आजी होत्या, त्यांनी विचारलं कुपन नाही का तुझ्याकडे, आणि स्वतःच्या फोनमधलं काढून कॅशियरला दाखवलं, पण ते दोनच वस्तूंना लागलं, बाकीच्यांना लागलंच नाही, ११८ हे ते वजा होऊनचे. मागे माणसं ताटकळत होती म्हणून का ते विचारता आलं नाही, घरी येऊन बिल तीनदा वाचलं तरी उलगडा होईना.

तर ही कुपनं मिळतात कुठे, आणि कशाला लागतात कशाला नाही हे दुकानात जायच्या आधी कसं कळतं? मंडळातल्या जुन्या बायका म्हणतात जोअॅन म्हणून कापड आणि क्राफ्टच्या दुकानांची साखळी आहे, तिथे जा, तिथे कुपनांचा नुसता पाऊस असतो, पण मॅपवर बघितलं तर जवळची सगळी बंद दाखवतायत, हे खरं आहे का?

खणाची_चोळी
शेवंती, आधी शेवटचं सांगते, हो गं, खरं आहे. जोअॅन गेलं. १९४३ साली ओहायोत क्लीव्हलंडला सुरू झालेलं, देशभर आठशेच्या आसपास दुकानं होती, जानेवारी २०२५ मध्ये वर्षभरात दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेले आणि मे संपेपर्यंत सगळी दुकानं बंद. नाव आणि त्यांचे घरचे ब्रँड मायकल्स या दुसऱ्या क्राफ्ट दुकानांच्या साखळीने विकत घेतले. मला मनापासून वाईट वाटलं, मी इथे १४ वर्षं आहे, लेकीच्या पहिल्या परकराचं कापड तिथल्याच कटिंग काउंटरवर घेतलं होतं, नंबरचा कागद हातात घेऊन उभं राहायचं आणि त्या वयस्कर बायका कापड ताणून न धरता, सैल सोडून मोजायच्या, वर दोन बोटं जास्त द्यायच्या. कुणाच्या घरी त्यांची जुनी कुपनं किंवा गिफ्ट कार्डं सापडली तर आता उपयोग नाही, ती फेब्रुवारीअखेरीसच घ्यायची थांबवली होती.

आता तुझ्या बिलाचं. बिल परत काढ आणि कुठल्या वस्तूसमोर सेलची किंमत छापलीय ते बघ. मला जवळजवळ खात्री आहे की तुझी लोकर, फुलं आणि बोर्ड सेलवर होते. इथली बहुतेक कुपनं फक्त रेग्युलर किमतीच्या वस्तूला लागतात, सेलचं लेबल असलेल्या वस्तूला लागत नाहीत, बस एवढंच ते कोडं आहे. बाकी काही वस्तूंवर "रोजचीच कमी किंमत" अशा अर्थाची पाटी असते, त्यांनाही लागत नाही, आणि क्रिकटसारखी कागद-कापड कापायची मशीनं तर जवळपास कायम यादीबाहेर. कुपनाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात हे सगळं लिहिलेलं असतं, ते घरी बसून वाचायचं, दुकानात नाही.

मिळतात कुठे, तर दुकानाच्या अॅपमध्ये आणि वेबसाइटवर. मायकल्सचं रिवॉर्ड्सचं खातं फुकट आहे, फोन नंबर दिला की झालं. पूर्वी रविवारच्या पेपरात यायची, मी कात्रीने कापून पर्समध्ये पाकिटात ठेवायचे, आता बारकोड फोनवर. हॉबी लॉबी ही अजून एक क्राफ्ट दुकानांची साखळी, त्यांचं ते प्रसिद्ध ४० टक्क्यांचं कुपन होतं ते त्यांनी फेब्रुवारी २०२१ अखेर बंद केलं, त्यामुळे कुणी तुला ते शोधायला सांगितलं तर वेळ घालवू नकोस. त्याऐवजी तिथे विभाग आलटून पालटून सेलवर असतात, एका आठवड्यात फुलं उतरतात, दुसऱ्या आठवड्यात फ्रेमा नाहीतर कापड. म्हणजे आज फुलं पूर्ण किमतीत दिसली तर घेऊ नको, आठवडाभर थांब. आणि रविवारी ती दुकानं बंद असतात, आम्ही एकदा तासभर गाडी चालवून गेलो होतो.

कुपनं दोन तऱ्हेची धर. एक "कुठल्याही एका वस्तूवर" मोठी सूट, ४० टक्के वगैरे, आणि दुसरं "पूर्ण खरेदीवर" लहान सूट, २० टक्के वगैरे. पहिलं नेहमी तुझ्या यादीतल्या सगळ्यात महाग रेग्युलर किमतीच्या वस्तूला लाव, ग्लू गनला किंवा कटिंग मॅटला, दोन डॉलरच्या रंगाच्या बाटलीवर नको. कधीकधी पूर्ण खरेदीवरच्या कुपनात "सेलच्या मालासकट" असंही लिहिलेलं असतं, ते दिसलं की मी यादी घेऊन निघतेच. पण हिशोब नीट कर हां, १० डॉलरची वस्तू ३० टक्के सेलवर ७ ला येते आणि त्या ७ वर २० टक्के म्हणजे ५.६० ला पडते, निम्म्यात नाही. तसंच "एकावर दुसरं निम्म्यात" असं लिहिलं असलं तर दोन्ही मिळून सूट २५ टक्केच, आणि तीन घेतली तर तिसरं पूर्ण किमतीत.

आणि जे अजून फोडलं नाहीयेस ते बिलासकट परत घेऊन जा. लेबल निघालेलं नसेल तर परत घेतात, मग योग्य आठवड्यात परत घे.

लोकरगुंडी
खणाची चोळीला पूर्ण अनुमोदन, पण लोकरीबद्दल एक सांगायलाच हवं नाहीतर तुझं तोरण फसेल.

मी डॅलसजवळ असते, तीन वर्षांपूर्वी भाचीच्या बारशासाठी क्रोशाची दुपटी करायला घेतली, फिकट पिस्ता रंगाची, एकूण पाच गुंडे लागणार होते. तेव्हा माझ्याकडे एका वस्तूवरचं कुपन होतं, एका दिवसात एकच लागायचं, म्हणून मी ऑफिसमधून येताना रोज एक गुंडा घ्यायचे, वाटायचं काय छान पैसे वाचतायत. चौथा गुंडा दुसऱ्या डाय लॉटचा, म्हणजे वेगळ्या घाण्यात रंगवलेला निघाला. दुकानात ट्यूबलाइटखाली काही कळलं नाही, घरी विणताना रात्री पण कळलं नाही, सकाळी खिडकीशी धरली आणि मधोमध चार बोटं रुंदीचा एक पट्टा चक्क वेगळा, जरा पिवळट. सगळं उसवलं. दोन आठवड्यांचं काम. शेवटी तो वेगळा गुंडा फक्त काठाला वापरला आणि मुद्दाम तसाच काठ केलाय असं दिसेल असं विणलं.

तर प्रत्येक गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाचं नाव आणि नंबर असतो आणि शेजारी डाय लॉटचा वेगळा नंबर असतो, म्हणजे ती लोकर कुठल्या घाण्यात रंगवलीय तो नंबर. एका तोरणाला लागणारे सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यायचे, एकाच दिवशी घ्यायचे, मग कुपन एकालाच लागलं तरी चालेल. आणि एक जास्तीचा घेऊन ठेवायचा, बिल जपून, उरला तर परत.

यातून सुटका हवी असेल तर रेड हार्ट ब्रँडची सुपर सेव्हर लोकर घे, त्यातल्या एकरंगी लोकरींना डाय लॉटच नसतो, पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. अॅक्रिलिक आहे, अंगाला थोडी खरखरीत, बाळाला मी घेणार नाही, पण तोरणाला एकदम उत्तम, ताठ राहते आणि पुढच्या वर्षी धुऊन परत लावता येते. त्याचा नेहमीचा गुंडा १९८ ग्रॅमचा, ३६४ यार्डांचा. कॅरन ब्रँडचा वन पाउंड म्हणून मोठा गोळा येतो तो ४५४ ग्रॅमचा, ८१२ यार्डांचा. जाडी जवळपास सारखीच आहे म्हणून यांची तुलना सरळ यार्डावर करता येते, किमतीला यार्डांनी भाग, जो कमी येईल तो घे, कुपन लावलेल्या किमतीने भाग मात्र. मी शेल्फसमोर उभी राहून फोनच्या कॅल्क्युलेटरवर करते, पंधरा सेकंद लागतात. मोठा गोळा नेहमीच स्वस्त पडतो असं अजिबात नाही, लहान गुंडे सेलवर असले की ते खाली येतात.

झेंडूचं फूल करणार असशील तर केशरी आणि पिवळा एवढे दोनच रंग आणि पानाला गडद हिरवा. माझं पावणेदोन इंचाचं गोंड्याचं फूल साधारण १२ यार्डांत होतं, म्हणजे सुपर सेव्हरच्या एका गुंड्यात ३० फुलं. आधी एक फूल विणून उसव आणि तुझ्या हाताला किती लागते ते मोज, प्रत्येकीचा हात वेगळा.

शेवंतीवेणी
अगं बाई, बिल काढून बघितलं, अगदी तसंच आहे! लोकर आणि फुलं सेलवर, कुपन लागलं ते ग्लू गनला आणि एका ब्रशच्या सेटला. आणि लोकर बघितली तर तीन केशरी गुंड्यांपैकी दोघांचा लॉट एक आणि तिसऱ्याचा वेगळा. लोकरगुंडी ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी आज रात्री सुरुवात करणार होते. तीनही गुंडे अजून बंदच आहेत, सगळेच परत करते.

फोम बोर्डाबद्दल कुणी सांगेल का? दिंडी दरवाजा ६ फुटांचा हवाय, क्राफ्ट स्टोअरमधले बोर्ड महाग वाटले.

बेएरियातला_काका
फोम बोर्ड डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून घ्या. २० बाय ३० इंचाचा मिळतो, दीड डॉलरच्या आतबाहेर, कुपनाची भानगडच नाही. क्राफ्ट स्टोअरच्या बोर्डापेक्षा हलका असतो आणि वरचा कागद ओला केला की सुटून येतो, म्हणून पोस्टर कलर पाणी घालून लावू नका, अॅक्रिलिक घट्टच लावा आणि दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूने लावला तर वाळताना बोर्ड पापडासारखा वळतो. आम्ही इकडे कॅलिफोर्नियात सनीवेलला १७ वर्षं मखर करतोय, हे सगळं करून बघितलेलं आहे.

ग्लू गन कमी तापमानाची घ्या, नसेल तर बदलून आणा. जास्त तापणाऱ्या गनने आतला फोम वितळून खड्डा पडतो.

पण सहा फुटी दरवाजाची चौकट फोम बोर्डाची करू नका, झुकते. फ्रिज नाहीतर वॉशिंग मशीन ज्यात येतं ते खोकं मागून आणा, उपकरणांच्या दुकानात विचारलं की देतात, त्याचा पुठ्ठा दुहेरी असतो. चौकट त्याची आणि वरचं नक्षीकाम, कडी, खिळ्यांचे उभार बोर्डाचे. खिळ्यांसाठी मी पाण्याच्या बाटल्यांची झाकणं चिकटवून काळ्या-तपकिरी रंगाने रंगवतो, दहा फुटांवरून लोखंडी वाटतात.

आमच्याकडे एक फार मोठी सोय आहे ती तुमच्या भागात शोधा, क्रिएटिव्ह रियूज म्हणजे लोकांनी आणि कंपन्यांनी दिलेलं उरलंसुरलं क्राफ्ट सामान अगदी थोड्या पैशात मिळण्याची जागा. सॅन फ्रान्सिस्कोत स्क्रॅप १९७६ पासून आहे, ओकलंडला ईस्ट बे डेपो, सनीवेलला फॅबमो. फॅबमोत डिझायनर लोकांचे पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडाचे नमुने मिळतात, गेल्या वर्षीच्या मखराची मागची सगळी जरीसारखी झालर त्या नमुन्यांतून शिवली होती. तुमच्या गावाचा बाय नथिंगचा, म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांना वस्तू फुकट द्यायचा फेसबुक ग्रुप असेलच, तिथे लिहा की गणपतीच्या सजावटीसाठी कापडी फुलं हवीत, लग्नात वापरून झालेली पोतंभर फुलं लोक आनंदाने देतात.

खजिनदार_एनजे
शेवंती ताई, मी पण न्यू जर्सीतच, दुसऱ्या मंडळाचा हिशोब बघतो. एक गोष्ट कुणी लिहिली नाही. तुमचं मंडळ ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं आहे का ते अध्यक्षांना विचारा. असेल तर राज्याकडून एसटी-५ नावाचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर मंडळासाठीच्या खरेदीला ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लागत नाही. पण पैसे मंडळाच्या कार्डाने किंवा चेकने द्यावे लागतात, स्वतःच्या कार्डाने दिले आणि मंडळाकडून नंतर घेतले तर चालत नाही, आमच्याकडे सुरुवातीची दोन वर्षं सगळ्यांनी असंच केलं आणि टॅक्स भरत राहिलो. २५० डॉलरवर साडेसोळा डॉलर होतात, तेवढ्यात तुमचे फोम बोर्ड आले.

दुकानाचं कुपन असेल तर टॅक्स कुपन वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो, ते बिलावर तपासत जा. आणि घरच्या लोकांसाठी अजून एक, न्यू जर्सीत कपडे करमुक्त आहेत आणि स्वतःच्या कपड्यासाठी घेतलेली लोकर, कापड, बटणं, चेन पण करमुक्त. स्वेटरच्या लोकरीला टॅक्स नाही, तोरणाच्या लोकरीला आहे.

पेठकरीण
मी पुण्यातून वाचतेय, मुलगी तिकडे असते म्हणून हा विषय जवळचा. तुमचं हे यार्डाचं आणि कुपनाचं गणित वाचून फार कौतुक वाटलं. पण शेवंती, जरीची लेस, गोटा, मोत्यांच्या माळा, कुंदनचे खडे, आरसे, हे तिकडे कुठल्याही कुपनाने परवडायचं नाही. मंडळातलं कुणी ऑगस्टच्या आधी भारतातून येणार आहे का बघ. आमच्या रविवार पेठेत बोहरी आळीत ही लेस अख्ख्या गुंडाळीने मिळते, मीटरवर घेण्यापेक्षा गुंडाळी कितीतरी स्वस्त, आणि वजन काहीच नाही, दहा गुंडाळ्या साडीच्या घडीत बसतात. मुंबईतून कुणी येत असेल तर क्रॉफर्ड मार्केट आणि भुलेश्वर. मी मुलीला दरवर्षी खणाचं कापड देते, मागे पडदा म्हणून लावलं की अर्धी सजावट तिथेच झाली, आणि नंतर त्याच कापडाच्या तिने पिशव्या शिवून हळदीकुंकवाला वाटल्या.

इकडे २०१८ साली थर्माकोल बंद झाल्यापासून आम्ही सगळे पुठ्ठा आणि कापडाकडे वळलोय, सुरुवातीला अवघड वाटलं, आता मखर घडी करून माळ्यावर ठेवता येतं. तुझा दरवाजा पण तीन भागांत कर, मागून कापडी पट्टीची बिजागरी चिकटव, म्हणजे पुढच्या वर्षी खर्च फक्त फुलांचा. जागा मात्र आत्तापासून ठरवून ठेव, गॅरेजमध्ये ओल असेल तर पुठ्ठा टिकणार नाही.

खणाची_चोळी
पेठकरीण काकू, बिजागरीचं भारीच सुचवलंत. शेवंती, तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानात पण विचार, ब्लाउज पीसचे ढीग असतात, तिथे कुपन नसतं पण सहा-सात एकदम घेते म्हटलं की भाव करता येतो, मराठीत नाही तर हिंदीत बोल.

शेवंतीवेणी
सगळ्यांना अपडेट, दोन आठवडे झाले.

लोकर आणि फुलं परत केली, ४६ डॉलर परत मिळाले. मग आठवडाभर अॅप बघत बसले, शुक्रवारी पूर्ण खरेदीवरचं कुपन आलं आणि त्यात सेलचा माल पण धरला होता, यादी तयारच होती, तशीच गेले. केशरी चार, पिवळे तीन, हिरवा एक, सगळे डाय लॉट नसलेले. माझ्या हाताला एका फुलाला १४ यार्ड लागले, म्हणजे गुंड्यात २६ फुलं. फुलं बाय नथिंगवर मागितली तर दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका बाईंनी दोन मोठ्या पिशव्या भरून पांढरे गुलाब दिले, त्यांच्या मुलाच्या लग्नातले, आणि गणपती म्हणजे काय ते विचारलं, आरतीला या म्हटलंय त्यांना.

दरवाजाची चौकट फ्रिजच्या खोक्याची झाली, काका म्हणाले तशी. नवरा झाकणं जमवतोय, ५४ झालीत, अजून दहा हवीत. आमच्या मंडळाकडे एसटी-५ आहे, दोन वर्षांपासून आहे, फक्त कुणाला माहीत नव्हतं! दुसऱ्या फेरीला आमच्या मंडळाच्या खजिनदारांना बरोबर घेऊन गेले आणि मंडळाच्या कार्डानेच पैसे दिले. आजपर्यंतचा एकूण खर्च १४३ डॉलर, पहिल्या फेरीतलं ठेवलेलं सामान धरून. उरलेल्यातून खणाचं कापड येतंय, अध्यक्षांच्या सासूबाई १० ऑगस्टला पुण्याहून येतायत, पेठकरीण काकू, बोहरी आळीतून लेस कुठल्या रुंदीची सांगू, महिरपीच्या कडेला एक इंच पुरेल का दीड घेऊ?

पेठकरीण
दीड घे. एक इंच लांबून दिसत नाही. आणि सोनेरीच सांग, रुपेरी पिवळ्या दिव्यात काळपट दिसते.